वाफसा आणि जमिनीची घडण

रासायनिक खतांच्या काळात जमिनीचा कस नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या आकड्यांवर मोजण्याची सवय जडली असली, तरी ही द्रव्ये मुळांना मिळतात की नाही, हे बऱ्याच अंशी जमिनीच्या घडणीवर अवलंबून असते. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे सुटे कण चिकटून जे लहानमोठे रवे बनतात, त्यांच्या मांडणीला मृदाशास्त्रात कणरचना म्हणतात. ती चांगली असेल तर जमिनीच्या घनफळाचा सुमारे निम्मा भाग पोकळ्यांचा असतो. मोठ्या पोकळ्यांतून जादा पाणी निचरून हवा आत येते आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकून राहते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ती हीच स्थिती होय.

दख्खनच्या भारी काळ्या जमिनीत वाफशाचे महत्त्व अधिकच वाढते. बेसाल्टच्या झिजेतून बनलेल्या या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भिजले की फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यातील खोल भेगा त्यामुळेच पडतात. वाफसा येण्यापूर्वी अशा रानात ट्रॅक्टर घातला, तर रवे चिरडले जाऊन नांगराच्या तासाखाली कठीण थर तयार होतो आणि मुळे व पाणी दोन्ही तेथेच अडतात. पेरणीच्या घाईत होणारे हे नुकसान खताच्या जादा मात्रेने भरून येत नाही.

कुरणात ही घडण राखण्याचे काम प्रामुख्याने मुळे करतात. मारवेल, पवन्या यांसारख्या बहुवर्षायू गवतांची तंतुमय मुळे कणांना बांधून ठेवतात, बुरशीचे धागे व जिवाणूंचे चिकट स्राव ती बांधणी बळकट करतात आणि कुजलेल्या मुळांच्या वाटांनी पुढच्या पावसाचे पाणी खाली उतरते. ओल्या गायरानावर गुरे सोडल्यास मात्र वरचा थर खुरांखाली दबतो आणि कोवळे गवत सतत खुडले गेल्याने मुळांची वाढही खुंटते.

पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातील चोपण जमिनीत बिघाडाचे कारण वेगळे आहे: तेथे अतिसिंचन आणि अपुऱ्या निचऱ्यामुळे साचलेले सोडियम कणांची बांधणीच सोडवते. अशा जमिनीचे वाळलेले ढेकूळ पावसाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात अलगद सोडले, तर त्याच्याभोवती दुधाळ गढूळपणा पसरतो. चांगल्या घडणीच्या मातीचे पाणी बराच वेळ नितळ राहते. निचऱ्याची सोय करून जिप्सम घातल्यास चोपण जमीन सुधारू शकते, पण त्याला वर्षे लागतात. म्हणून खताची गोणी फोडण्याआधी प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या रानातील एक ढेकूळ असे पाण्यात टाकून पाहावे.