डॉक्टर डिज: डिजरिडूपासून मेंदूच्या चित्रापर्यंत

आज आपण ग्रॅहम विगिन्स (1962–2016) या अमेरिकन माणसाबद्दल बोलू. संगीतात ते 'डॉक्टर डिज', एमआरआयच्या जगात भौतिकशास्त्रज्ञ. यातलं खरं काम कोणतं आणि छंद कोणता, असं कुणीही विचारेल. उत्तर शोधायचं तर आधी वाद्य समजून घेतलं पाहिजे.

डिजरिडू हे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं वाद्य. आर्नहेम लँडमधले योलंगू लोक त्याला यिदाकी म्हणतात. वाळवीने आतून पोखरलेलं निलगिरीचं खोड साफ करायचं, तोंडाशी मेण लावायचं, झालं. भोकं नाहीत, कळा नाहीत. सव्वा-दीड मीटरची नळी ओठांची थरथर एकाच स्वरावर धरून ठेवते, साधारण सेकंदाला 60 ते 80 कंपनं. याला आपण अनुनाद म्हणतो.

मग इतके वेगवेगळे आवाज येतात कुठून? वादकाच्या तोंडातून. जीभ हलली की तोंडाच्या पोकळीचा अनुनाद बदलतो. काही उपस्वर दबतात, काही उठून ऐकू येतात. श्वासही तुटत नाही. गालात साठवलेली हवा बाहेर ढकलता ढकलता नाकाने श्वास घ्यायचा. आपले सनईवाले, पुंगीवाले हेच करतात.

विगिन्स यांनी ऑक्सफर्डला भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केली. एकाच स्वराची मर्यादा ओलांडायला त्यांनी सॅक्सोफोनसारख्या कळा असलेलं डिजरिडू बनवलं. गिटारवादक मार्टिन क्रॅडिक यांच्याबरोबर 'आउटबॅक' हा बँड केला, पुढे स्वतःचा 'डॉ. डिज'. बरीच वर्षं मंचावर काढून ते पुन्हा प्रयोगशाळेत आले.

आता एमआरआय बघू. आपल्या शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. 3 टेस्लाच्या चुंबकात त्याची केंद्रकं सेकंदाला 12 कोटींहून जास्त वेळा फिरतात आणि अगदी क्षीण संदेश देतात. तो टिपायला तारेचं वेटोळं लागतं, म्हणजे कॉइल. ते नेमकं त्याच कंपनाला जुळवावं लागतं. इथेही अनुनादच!

मोठं वेटोळं सगळ्या डोक्याचा गोंगाट गोळा करतं. लहान वेटोळं जवळचंच ऐकतं, पण स्वच्छ ऐकतं. म्हणून विगिन्स आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलवरच्या पंचकोनी-षटकोनी तुकड्यांसारखी वेटोळी डोक्याभोवती बसवली. 2006 साली 32 वेटोळ्यांच्या कॉइलचा शोधनिबंध आला, 2009 साली 96 वेटोळ्यांचा. 96 मुळे मेंदूच्या बाहेरच्या थरातला संदेश आणखी स्पष्ट झाला. अगदी मध्यभागी मात्र फारसा फरक पडला नाही, कारण तिथून प्रत्येक वेटोळं लांबच.

तेव्हा छंद कोणता, हा प्रश्नच बाजूला ठेवू. नळी असो वा तार, ती कशाला साद देते हे ओळखून तिला घडवायचं, हेच काम त्यांनी दोन्हीकडे केलं. कधी मेंदूचा एमआरआय करायची वेळ आलीच, तर डोक्याभोवती बसवलेला तो पिंजरा नीट बघा. तो तुमच्या डोक्यातलं पाणी ऐकत असतो.