उसन्या सांगाड्यावरचं थोरलं नाव

गाजलेलं जुनं नाव नव्या मोटारीला देणं हा कंपन्यांना फायद्याचा सौदा वाटतो. नवं नाव लोकांच्या तोंडी रुळायला वर्षं लागतात, जाहिरातीवर पैसा ओतावा लागतो. जुन्या नावाची पुण्याई आयती मिळते. फोर्डच्या लिंकन विभागाने याच हिशेबाने 2002 मध्ये बंद केलेली ‘कॉन्टिनेंटल’ 2017 चं मॉडेल म्हणून पुन्हा बाजारात आणली. अमेरिकेत 2017 मध्ये तिच्या सुमारे 12 हजार गाड्या खपल्या, 2019 मध्ये आकडा साडेसहा हजारांच्या आसपास आला आणि 2020 मध्ये उत्पादन थांबलं. लोकांना आता एसयूव्ही हवी, सेडान कोण घेतो, असं त्याचं कारण सर्रास सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. ज्या गोष्टीमुळे या नावाला मान मिळाला होता, नेमकी तीच करायला कंपनी या वेळी कचरली.

ती गोष्ट कोणती, हे मूळ गाड्यांकडे पाहिलं की कळतं. हेन्री फोर्ड यांचे चिरंजीव एड्सेल यांनी 1939 मध्ये स्वतःसाठी एक खास गाडी करून घेतली. डिझायनर बॉब ग्रेगरी यांनी ‘लिंकन झेफिर’ ही चालू गाडी आधाराला घेतली, पण बॉडी बुटकी केली, बॉनेट लांबवलं आणि सुटं चाक मागे उघड्यावर बसवलं. फ्लोरिडात ती पाहून एड्सेल यांच्या ओळखीचे श्रीमंत लोक मागणी करू लागले, आणि एकट्यासाठी केलेली गाडी विक्रीला आली. पुढे 1961 ची कॉन्टिनेंटल एल्वुड एंगेल यांच्या ज्या आराखड्यातून निघाली, तो मुळात फोर्डच्याच ‘थंडरबर्ड’ गाडीसाठी होता. आधीच्या अगडबंब लिंकनपेक्षा ही गाडी सुमारे 15 इंचांनी आखूड होती. क्रोमचा भडिमार गेला, बाजू सरळ आणि सपाट झाल्या, मागचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी ठेवून उलट उघडणारे केले. मोठी गाडी म्हणजे लांबलचक आणि चकचकीत, असं मानणाऱ्या काळात लिंकनने श्रीमंती कमी करून दाखवली. अध्यक्ष केनेडी यांची सरकारी गाडी याच पिढीतली होती.

2017 च्या गाडीत मेहनत नव्हती, असं कोणी म्हणू नये. दरवाजाच्या मुठी काचेखालच्या पट्टीत बेमालूम बसवल्या होत्या. आतून हलकं दाबलं की विजेवर चालणारी कडी सुटायची. पुढच्या आसनांची 30 प्रकारे जुळवाजुळव करता येत असे. लिंकनने 2014 मध्ये चीनमध्ये पाऊल टाकलं होतं. तिथे मालक बहुधा मागे बसतो, म्हणून मागच्या प्रवाशाचेही लाड होते. वरच्या मॉडेलचं इंजिन 400 अश्वशक्तीचं होतं. पण गाडी बाजूने पाहिली की घोळ लक्षात येतो. तिचा सांगाडा ‘फोर्ड फ्यूजन’च्या कुळातला, म्हणजे इंजिन आडवं आणि ओढ पुढच्या चाकांची. अशा रचनेत पुढचं चाक दरवाजाच्या जवळ सरकतं आणि नाक चाकापुढे झुकतं. चाक आणि दरवाजा यांमधलं जे ऐसपैस अंतर पाहून नजर एखाद्या गाडीला ‘मोठी’ म्हणते, ते इथे जमलंच नाही. लग्नातला शालू नेसवला होता, पण उंची शाळकरी मुलीची होती.

यावर कोणी म्हणेल, उसना सांगाडा तर 1939 मध्येही होता. बरोबर, आणि म्हणूनच उसनवारीला दोष देता येत नाही. उलट सगळं स्वतंत्र करण्याचा हट्ट महागात पडल्याचा दाखला याच घराण्यात आहे: 1956 ची ‘कॉन्टिनेंटल मार्क टू’ सुमारे 10 हजार डॉलरला विकूनही फोर्डला प्रत्येक गाडीमागे तोटाच झाला आणि दोन वर्षांत ती बंद पडली. जर्मनीत मर्सिडीजने 2002 मध्ये ‘मायबाख’ हे जुनं नाव वेगळ्या ब्रँडखाली उभं केलं; दहा वर्षांत जेमतेम 3 हजार गाड्या खपल्या. 2014 मध्ये तेच नाव आपल्या ‘एस-क्लास’ सेडानच्या लांबवलेल्या रूपाला दिलं आणि ते चाललं. आज पुण्याजवळच्या चाकणमध्येही मायबाख एस-क्लासची जुळणी होते. सांगाडा लिंकन आणि मर्सिडीज दोघांकडेही सामायिकच. पण मर्सिडीजने आपल्याकडचा सर्वांत वरचा सांगाडा घेतला आणि तोही लांबवला. ग्रेगरी यांनी मिळालेला सांगाडा वाकवून घेतला. 2017 मध्ये लिंकनने मधल्या दर्जाचा सांगाडा घेतला आणि गाडीलाच त्याच्या मापात बसवलं.

दुसरा आक्षेप बाजाराचा. फोर्डने एप्रिल 2018 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या सेडान गुंडाळायचं जाहीर केलं. अशा लाटेत चांगली गाडीही बुडालीच असती, असं म्हणता येईल. गिऱ्हाईक आटलं होतं यात शंका नाही. पण त्याच वर्षांत जवळपास दुप्पट किमतीची एस-क्लास अमेरिकेत कॉन्टिनेंटलपेक्षा जास्त खपत होती. म्हणजे उरलेलं गिऱ्हाईक पैसे मोजत होतं, फक्त दुसऱ्या दुकानात. नावाच्या ऐंशीव्या वर्षानिमित्त लिंकनने सहा इंच लांबवलेल्या, उलट्या दरवाजांच्या 80 गाड्या काढल्या. किंमत एक लाख डॉलरच्या वर असूनही त्या हातोहात संपल्या. ऐंशी गाड्यांवरून कारखाना चालत नाही, आणि संग्राहकांची हौस म्हणजे बाजार नव्हे, हे मान्यच. तरी नावाची किंमत शिल्लक होती आणि ती कशासाठी मोजली जाते, एवढं त्यातून सिद्ध झालं. कंपनीने हे धाडस शेवटी, मोजक्या गाड्यांपुरतं केलं. ते पहिल्या दिवशी करायचं होतं.

म्हणून जुनं नाव काढताना जाळी आणि बिल्ला कसा असावा, हा प्रश्न नंतरचा. या नावाखातर आपण कोणतं माप बदलणार आणि त्याचा खर्च सोसणार का, याचं उत्तर आधी लागतं. उत्तर ‘नाही’ असेल तर गाडीला नवंच नाव द्यावं. तीच गाडी साध्या नावाने आली असती तर एक बरी, आरामशीर सेडान म्हणून तिचं कौतुक झालं असतं; ‘कॉन्टिनेंटल’ म्हटल्यावर तिची तुलना 1961 शी होणं अटळ होतं.