विद्युत्-रंगफवारा उघडतांना
कोरड्या केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, हें बालवाचकांनीं पाहिलेंच असेल. त्याच तत्त्वावर रंग देण्याची युक्ति १९४० च्या दशकांत अमेरिकेंतील हॅरल्ड रॅन्सबर्ग ह्यांनीं प्रचारांत आणिली. आतां तें काम यांत्रिक हात करितो. त्याच्या टोंकाशीं घंटेच्या आकाराची लहानशी वाटी मिनिटास हजारों फेरे घेत असते. तीवर ६०,००० व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक दाब असल्यामुळें रंगाचे तुषार भारित होऊन, भूमीशीं जोडलेल्या पत्र्याकडे धांवतात.

कळ बंद केली म्हणजे भय संपलें, असें मात्र नाहीं. वाटीवर भार उरतो. हवेचा झोत तोडला तरी ती कांहीं वेळ निमूटपणें फिरतच राहते. शिवाय द्रावकाची वाफ ज्वालाग्राही. तीस एक ठिणगी पुरे. म्हणून कारागिरानें वीजपुरवठ्यास कुलूप घालून किल्ली स्वतःजवळ ठेवावी, नळ्यांतील दाब सोडावा, वाटी पूर्ण थांबूं द्यावी, आणि भूमीशीं जोडलेल्या दांड्यानें तिला स्पर्श करून मगच हात लावावा. साधे रबरी तळव्यांचे बूट येथें रक्षण न करितां उलट घात करितात; त्यांमुळें माणसाच्या अंगींच भार सांचतो. वाटी मऊ कुंचल्यानें धुवावी. तारेनें खरवडल्यास कडेवर ओरखडा पडून फवारा बिघडतो.