दीर्घिकांतील वायूचा ताळेबंद

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे, शेतमळ्यांच्या सान्निध्यात, जाळीच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या मिळून ही रेडिओ दुर्बीण होते. पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी ताणून बसविण्याची कल्पना डॉ. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांची. त्यामुळे वारा आरपार जातो व बांधकामाचे वजन आणि खर्च दोन्ही घटतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रामार्फत ही दुर्बीण चालविली जाते.

या दुर्बिणीने एका जुन्या कोड्याला हात घातला. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. दीर्घिकांमध्ये नवे तारे जन्मण्याचा वेग ८०० ते १,००० कोटी वर्षांपूर्वी सर्वाधिक होता. पुढे तो ओसरत जाऊन आज जेमतेम एक दशांशावर आला आहे. असे का व्हावे? तारे हायड्रोजन वायूपासून घडतात. तेव्हा त्या काळी दीर्घिकांच्या कोठारात वायू किती होता, हे पाहणे क्रमप्राप्त होते.

हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. विश्व प्रसरण पावत असल्याने ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेली ही लहर येथे पोहोचेपर्यंत ताणून सुमारे ४२ सेंटिमीटरची होते. मात्र ती इतकी क्षीण असते की, एका दीर्घिकेची लहर वेगळी ओळखणे जवळजवळ अशक्यच. आदित्य चौधुरी, निस्सिम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय योजला. स्थान व अंतर आधीच ज्ञात असलेल्या ७,६५३ दीर्घिकांचे संकेत त्यांनी एकत्र मिळविले. अशा बेरजेत गोंगाट एकमेकांस छेदतो, संकेत मात्र साचत जातो. अर्थात, हाती येते ती सरासरी. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यावरून एखाद्या कुटुंबाची स्थिती कळत नाही, तसेच हे आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये 'नेचर' नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या दीर्घिकांत वायू विपुल होता, परंतु उपसाही तितकाच प्रचंड होता. तारे त्याच वेगाने जन्मत राहिले असते, तर तो साठा १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता. पाझर तलावाचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील मर्म सहज उमगेल. बाहेरून येणारा वायू उपशास पुरा पडला नाही आणि म्हणून ताऱ्यांची निर्मिती मंदावली, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. पुढे ५१० तासांच्या निरीक्षणांतून ११,४१९ दीर्घिकांचा असाच अभ्यास करण्यात आला.

असे काम शांत परिसरातच होऊ शकते. आवाजाची नव्हे, रेडिओलहरींची शांतता. यंत्रांतील ठिणग्या, विजेच्या सदोष तारा व मोबाइलचे मनोरे यांपासून निघणाऱ्या लहरी दीर्घिकांच्या संकेतांपेक्षा कितीतरी पटींनी प्रबळ असतात. याच कारणाने परिसरातील उद्योगांवर निर्बंध आहेत आणि पुणे-नाशिक द्रुतगती रेल्वेच्या आखणीतही हा प्रश्न उपस्थित झाला. ४२ सेंटिमीटरची लहर म्हणजे सुमारे ७१० मेगाहर्ट्झ. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा तर २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेकडे गेला आहे. निर्बंधांची झळ स्थानिक ग्रामस्थांस पोहोचते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेथील शांतता एकदा मोडली, तर ती तबकड्या हलवून अन्यत्र नेता येणारी नव्हे.