सत्तेची शिडी (भाग ६) : पाटी बदलली, वाट फुटली

मागच्या भागात मनोहर जोशींची वाट पाहिली. १९६८ साली मुंबई महापालिकेत नगरसेवक, १९७६ला महापौर, १९९५ला मुख्यमंत्री, २००२ला लोकसभेचे अध्यक्ष. पायरीला पायरी लागून होती. पण पायऱ्या चढायची तयारी असूनही वरचं दार बंद असेल तर? त्यासाठी आज बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमला जाऊ.

इथल्या विवेकानंद जयंतीच्या उत्सवात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पुऱ्या आणि वांग्याची भाजी वाढतात. लाखोंच्या त्या पंगतीत वाढणारा कुणाची जात विचारत नाही. मतदानाच्या रांगेतही ती कुणी विचारत नाही. राखीव मतदारसंघात मत सगळ्यांचंच असतं, राखीव असते ती उमेदवारी. अनेकांचा गोंधळ इथेच होतो.

हिवरा आश्रमचा मतदार २००४ साली लोकसभेसाठी मत द्यायला गेला, तेव्हा बुलढाणा हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ होता आणि विधानसभेचा मेहकर खुला. २००९ला तोच मतदार मतदानाला गेला, तर पाट्यांची अदलाबदल झालेली : बुलढाणा खुला, मेहकर राखीव. गाव तेच, मतदार तेच.

हे घडवलं मतदारसंघांच्या पुनर्रचनेनं. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं २००१च्या जनगणनेवर नवा नकाशा आखला, तो २००८पासून लागू झाला. महाराष्ट्रात लोकसभेच्या अनुसूचित जातींच्या राखीव जागा तीनाच्या पाच झाल्या. बुलढाणा त्यांतून सुटला; अमरावती आणि रामटेक त्यांत आले.

आता या नकाशावर तीन माणसं ठेवून पाहा. प्रतापराव जाधव १९९५पासून सलग तीनदा मेहकरचे आमदार. त्यांचा मतदारसंघ राखीव झाला, पण त्याच वेळी लोकसभेचं दार उघडलं. बुलढाण्याचे खासदार आनंदराव अडसूळ अमरावतीला गेले. आणि याच बुलढाण्यातून १९८४, १९९१ आणि १९९८ला निवडून आलेले मुकुल वासनिक रामटेकला उभे राहिले. २००९ला तिघेही आपापल्या नव्या ठिकाणी जिंकले.

जाधव त्यानंतर २०१४, २०१९ आणि २०२४लाही निवडून आले आणि जून २०२४मध्ये केंद्रात आयुष खात्याचे स्वतंत्र प्रभाराचे राज्यमंत्री झाले. चार निवडणुका जिंकणं हे नकाशाचं काम नव्हे. त्याला माणसं जोडावी लागतात. पण मेहकर खुलाच राहिला असता, तर त्यांनी २००९ला दिल्लीची वाट धरली असती का, हा प्रश्न उरतोच.

नगरपालिकेत हीच गोष्ट फार लवकर घडते. लोकसभेची पाटी पुढच्या पुनर्रचनेपर्यंत हलत नाही, आणि ती २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेवर अवलंबून आहे. नगरपरिषदेत मात्र राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीनं राखीव जागा प्रभागांत फिरवायची सोय केली. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी. त्यामुळे निवडणुकीआधी सोडत निघते. सभागृह भरलेलं, एखाद्या शाळकरी मुलाचा हात बरणीत, आणि चिठ्ठी उलगडेपर्यंत पाच वर्षं प्रभागातली गटारं-नळ सांभाळलेल्या माणसाचा जीव टांगणीला.

म्हणून कुणाची राजकीय कारकीर्द वाचताना पदांची यादी पाहाच, पण शेजारी एक रकाना वाढवा : त्या वर्षी पाटी कुठली होती? पुष्कळांच्या नावापुढे पुढचं पद का नाही, याचं उत्तर त्या रकान्यात सापडतं.

(पुढील आठवड्यात : सोडतीत गेलेला प्रभाग आणि ‘घरातलीच उमेदवार’)