वाळवंटी गिरिपाद प्रदेश

वाळवंटातील पर्वताचा कडा जेथे संपतो, तेथपासून पुढील खोलगट व बहुधा क्षारयुक्त सपाटीपर्यंत पसरलेला मंद उताराचा पट्टा. दमट हवामानात पर्वत व मैदान यांमधील संक्रमण माती आणि वनस्पती यांखाली झाकले जाते; वाळवंटात मात्र उभ्या कड्याच्या पायाशी उतार एकाएकी मोडतो. इराणचे पठार, मध्य आशिया, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नैर्ऋत्य भाग व अँडीजचा कोरडा पायथा येथे असे प्रदेश ठळकपणे दिसतात. ‘वाळवंट’ म्हटले की डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. परंतु वाळवंटात राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने वाळूपेक्षा हा दगडगोट्यांचा उतारच महत्त्वाचा, कारण त्याला पाणी मिळते ते मुख्यतः येथे.

निर्मिती : पर्वतावर पडणारा पाऊस थोडा, पण तो अल्पावधीत जोराने कोसळतो. उघड्या खडकांवर साचलेला फुटकातुटका माल घेऊन पाण्याचा लोंढा अरुंद निदरीतून बाहेर पडतो. बाहेर येताच दोन्ही बाजूंच्या भिंती नाहीशा होतात, पाणी पसरते, काही जमिनीत मुरते आणि वाहून नेण्याची शक्ती कमी झाल्याने मालाचे निक्षेपण होते. मोठे धोंडे निदरीच्या तोंडाशी, त्यापुढे गोटे व खडी, मग वाळू आणि सर्वांत खाली मृत्तिका, असा क्रम सामान्यतः आढळतो. प्रवाह आपलेच पात्र भरून टाकतो व शेजारच्या सखल बाजूस वळतो. असे वारंवार घडून पंख्याच्या आकाराचा जलोढ पंखा तयार होतो. शेजारशेजारचे पंखे एकमेकांत मिसळून झालेल्या सलग उतारास ‘बजादा’ हे स्पॅनिश नाव रूढ आहे. त्याखालच्या खोलगट भागात पाणी आटून मीठ व चिखल उरतो. यास ‘प्लाया’ आणि इराणात ‘कवीर’ म्हणतात.

प्रत्येक गिरिपाद मात्र गाळाचा नसतो. काही ठिकाणी वरचा गाळ अगदी पातळ असून त्याखाली तासल्यासारखी खडकाची सपाटी लागते. या ‘पेडिमेंट’ नामक भूरूपाकडे जी. के. गिल्बर्ट (१८७७) व डब्ल्यू. जे. मॅक्गी (१८९७) यांनी लक्ष वेधले. ती प्रवाहांनी बाजूकडून कापून बनली, चादरीसारख्या पसरट पाण्याने घासून, की कडा मागे हटत गेल्याने, याविषयी एकमत नाही. भूकवचाच्या हालचालींचा परिणाम कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत चांगला दिसतो. तेथील दरीचा तळ पूर्वेकडे कलत असल्यामुळे पश्चिमेच्या पॅनामिंट पर्वताखालील पंखे विस्तीर्ण व एकजीव झाले आहेत. पूर्वेच्या ब्लॅक मौंटन्सखालील पंखे लहान व तीव्र उताराचे राहिले आहेत.

पाणी व वस्ती : गिरिपादाचे खरे मोल त्याच्या भरड गाळात आहे. पर्वतावरील बर्फ वितळून आलेले पाणी पंख्याच्या माथ्याशी झपाट्याने मुरते व बाष्पीभवनापासून बचावते. खाली बारीक मृत्तिकेने अडल्यावर ते पृष्ठभागाजवळ येते. म्हणून गावे, अक्रोड, तुती व डाळिंब यांच्या बागा आणि जुने व्यापारी मार्ग कड्यालगत ओळीने आढळतात. शिरकूह पर्वताच्या पायथ्याचे तफ्त व त्यापुढील याझ्द ही याची उदाहरणे होत. खालच्या खारट कडेवर पिस्त्यासारखी क्षार सोसणारी झाडेच तग धरतात.

हे पाणी मिळविण्यासाठी इराणी लोकांनी ‘कनात’ ही पद्धती विकसित केली. पर्वताच्या बाजूस एक खोल ‘मातृविहीर’ खणून तिच्या जलधारक थरापासून अतिमंद उताराचा बोगदा गावापर्यंत नेतात. हवा मिळावी व माती उपसता यावी म्हणून वाटेत ठराविक अंतरांवर उभे कूपक असतात. उतार अधिक झाला तर बोगदा झिजतो, कमी झाला तर गाळ साचतो. ‘मुकन्नी’ या कारागिरांचे सारे कौशल्य येथे लागते. गोनाबादची कनात सु. ३३ किमी. लांब आहे. २०१६ मध्ये इराणमधील अकरा कनातींना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकीस (नंतरचे औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर) पाणी पुरविणारी नहर बांधली, तिचा संबंध याच परंपरेशी पोहोचतो. तेथील खडक मात्र बेसाल्ट आहे. कनातीत उपसा नसतो. भूमिजलाची पातळी खाली गेली, की तिचा प्रवाहही आपोआप घटतो आणि गावाला तेवढ्यातच भागवावे लागते.

तेहरान : एल्बर्झ पर्वताच्या दक्षिण पायथ्यावरील हे महानगर गिरिपादाचे दोन्ही गुण दाखविते. शहराचा उत्तर भाग समुद्रसपाटीपासून सु. १,७०० मी., तर दक्षिण टोक सु. १,१०० मी. उंचीवर आहे. एकेकाळी शहराची तहान कनातींनी भागे. वस्ती वाढल्यावर करज नदीवर १९६१ मध्ये व जाजरूदवर १९६७ मध्ये धरणे पूर्ण झाली, तसेच खोल नळविहिरींचा वापर वाढला. दरम्यान पूर्वी बागा व उन्हाळी निवास असलेल्या निदऱ्यांच्या तोंडाशी दाट इमारती उभ्या राहिल्या. जुलै १९८७ मध्ये वादळी पावसानंतर आलेला चिखल-धोंड्यांचा लोंढा तजरीश भागात घुसून सु. ३०० माणसे दगावली. पंख्यावरील कोरडे पात्र अनेक वर्षे निरुपद्रवी दिसते, म्हणूनच त्यावर बांधण्याचा मोह होतो. पूर आला म्हणजे तो जुन्याच पात्रातून जाईल, याचीही शाश्वती नसते.

दुसरी हानी सावकाश व आवाज न करता होते. नळविहिरींनी पातळी खाली ओढल्यावर कनाती सुकतात आणि पंख्याच्या खालच्या कडेतील मृत्तिकेचे थर दाबले जातात. भरड खडीतील रिकाम्या जागा पुन्हा पाण्याने भरू शकतात. दाबून गेलेली मृत्तिका बहुतांशी पूर्ववत होत नाही. तेहरानच्या नैर्ऋत्येकडील मैदानात व वरामीन परिसरात भूमी खचण्याचा वेग काही ठिकाणी वर्षाला २५ सेंमी. हून अधिक असल्याचे उपग्रहीय रडार मापनांवरून दिसून आले आहे. अशा भागांत शेतजमिनींना भेगा पडतात व रस्ते, लोहमार्ग आणि नळयोजना यांना धोका उत्पन्न होतो. पाऊस वाढला, तरी खचलेल्या थरांची गेलेली साठवणक्षमता परत येत नाही.