धाप नेमकी केव्हा लागते?

पॉला रॅडक्लिफला दमा असल्याचं निदान चौदाव्या वर्षी झालं. २००३ मध्ये तिने लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पूर्ण केली आणि तो महिलांचा विश्वविक्रम २०१९ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. तरीही आपल्याकडे पळणाऱ्या मुलीच्या हातात दम्याचा पंप दिसला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'याची सवय नाही ना लागणार?' नाही लागत. मुळात त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे: धाप केव्हा लागते?

जोरात पळताना मिनिटाला शंभर लिटरहून अधिक हवा आत-बाहेर होऊ शकते. एवढी हवा नाकाला पुरवता येत नाही, म्हणून तोंड उघडतं आणि हवा पुरेशी ऊबदार, ओलसर न होताच खाली जाते. श्वासनलिकांचं अस्तर कोरडं पडतं, भोवतीचे स्नायू आवळतात. गंमत अशी, की हा त्रास बहुधा शर्यत संपल्यावर पाच-दहा मिनिटांत सर्वाधिक जाणवतो. छाती आवळते, खोकला येतो, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो.

याउलट ऐन वेगात, शेवटच्या फेरीत घसा आवळल्यासारखा वाटला, श्वास घेताना घरघर झाली आणि थांबताच काही मिनिटांत सगळं निवळलं, तर संशय स्वरयंत्रावर घ्यावा. तिथली वाट अरुंद होते आणि पंपाचा तिथे उपयोग नसतो. श्वासाचं तंत्र शिकवणारा थेरपिस्ट लागतो. दम्याची औषधं घेत राहूनही गुण न येणाऱ्यांत असे धावपटू सापडतात. मुलींच्या बाबतीत धापेचं कारण म्हणून लोहाची कमतरताही तपासायलाच हवी. म्हणून अंदाजाने पंप सुरू करण्यापेक्षा व्यायामाआधी आणि नंतर फुंकर-चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घेतलेली बरी.

दमाच निघाला, तर अधूनमधून वेग वाढवत केलेला वॉर्म-अप कामी येतो. त्यानंतर काही काळ बऱ्याच जणांच्या नलिका तितक्या चटकन आवळत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर सॅल्ब्युटामॉलचा पंप सुमारे पंधरा मिनिटं आधी. तो रोजच लागू लागला, तर मात्र दमा आटोक्यात नाही असं समजून उपचार बदलून घ्यावेत.

स्पर्धकाला आणखी एक व्याप असतो, उत्तेजकबंदीच्या नियमांचा. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा जलतरणपटू रिक डीमाँट ४०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण गमावून बसला, दम्याच्या औषधातल्या इफेड्रिनमुळे. औषध त्याने आधीच कळवलं होतं. संघाच्या वैद्यकीय मंडळींनी ते पुढे नेलं नाही. आज सॅल्ब्युटामॉलचा पंप ठरावीक मर्यादेत चालतो: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही आठ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. त्याचीच गोळी किंवा सिरप मात्र बंदीत येतं. टर्ब्युटालिनला तर आगाऊ परवानगी लागते, आणि ते आपल्याकडच्या खोकल्याच्या कितीतरी साध्या औषधांत असतं. दुकानदाराला विचारून घेतलेल्या बाटलीवरची बारीक अक्षरं धावपटूने स्वतः वाचावीत.